थ्रेलफॉल, शेवटी दोन एल

पाहिलं तिला एकदाच, तेही पाठमोरं,
जिन्यावर, ओली छत्री झटकताना.
बाकी बावीस वर्षं ती माझ्या कानात राहिली.

लंडनच्या त्या इमारतीत आम्ही सहाजणी,
कानांवर हेडफोन, पुढ्यात टाइपरायटर.
बातमीदार कुठून कुठून फोन करायचे
आणि आम्ही त्यांची वाक्यं झेलायचो.
रात्री तळघरात छपाई सुरू झाली
की माझा चहा कपातल्या कपात थरथरायचा.

"मॅव्हिस थ्रेलफॉल. शेवटी दोन एल."
दर वेळी सांगायची, मला पाठ असूनही.
आणि मग, दम न घेता:
"खाणीच्या तोंडाशी बायका उभ्या आहेत स्वल्पविराम
कुणीही रडत नाही पूर्णविराम नवा परिच्छेद."
वाक्याच्या मधोमध खळ्‌कन नाणं पडायचं.
तेवढं मी टाइप करत नसे.

बेलफास्टहून बोलताना एकदा काच फुटली.
"पुढे?" मी विचारलं.
"पुढे माणसांची वयं आहेत. नीट घे."

आम्हां सहाजणींना एक वाईट खोड होती.
कंटाळा आला की विचारायचो,
"अजून बरंच आहे का?"
भल्या भल्या लेखण्या त्या प्रश्नाने वाळून जायच्या.
ती मात्र म्हणायची, "कुठे कंटाळलीस, ते सांग."
मी सांगायचे.
ती तेवढं वाक्य काढून टाकायची.

एका रात्री संपादक जागेवर नव्हता,
दोघी नुसती लाइन धरून बसलो होतो.
तेव्हा बोलली, विरामचिन्हांशिवाय:
मी एकोणीस वर्षांची, फ्लीटवुडच्या साप्ताहिकात.
कुणी गेलं की चर्चच्या दाराशी उभं राहायचं,
आलेल्यांची नावं उतरवायची, हीच नोकरी.
मग 'एस्थर मे' बुडाली, आइसलंडच्या बाजूला.
तेरा माणसं. मी बारा छापली.
दुसऱ्या दिवशी एक बाई कचेरीत आली,
अंगावर एप्रन, हाताला पिठाचे डाग, पेपर उघडा.
तुमच्या यादीत आमचा नाही, म्हणाली.
म्हणजे तो आहे ना?

मला काही सुचेना.
तेवढ्यात संपादक आला.
"नवा परिच्छेद," मॅव्हिस म्हणाली, आणि लागली कामाला.

पुढे गुडघे गेले, तशी ती मासिकांत आली.
विणकामाच्या मासिकात वाचकांची दुःखं,
बागकामाच्या मासिकात गोगलगायी.
लोक हसायचे: खाणीतून निघाली, कोबीत पडली.
पण गोगलगाय रात्री किती पानं खाते
हेही ती दोन माळ्यांना विचारून घ्यायची,
आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याला.

मग टेबलाटेबलावर पडदे आले.
आम्हां सहाजणींना एकेक घड्याळ देऊन
घरी पाठवलं.
माझं रोज सात मिनिटं मागे पडतं.

गेल्या फेब्रुवारीत घरचा फोन वाजला.
"मॅव्हिस थ्रेलफॉल. शेवटी दोन एल."
आवाज पातळ, घडी घालून ठेवल्यासारखा.
"घेतेस का?"
टाइपरायटर कधीच विकला होता.
विजेचं बिल उलटं केलं, पेन्सिल शोधली.

"दुरुस्ती," ती म्हणाली.
"चोपन्न वर्षं उशिराने, स्वल्पविराम,
'एस्थर मे'वरचा तेरावा. सिरिल अन्सवर्थ.
सिरिलमध्ये आधी वाय, मग आय. वय सतरा."
मग थांबली. श्वास ऐकू येत होता,
आणि मागे कुणीतरी चादरी मोजत होतं.

"अजून बरंच आहे का?" मी विचारलं.
जन्मात पहिल्यांदाच, तिने हो म्हणावं म्हणून.

चहाची गाडी खडखडत जवळून गेली.
"थांब," ती म्हणाली,
"त्याच्या आईचं नाव राहिलंय."